क्वार्टरबॅक आणि त्याचे दहा सोबती

फुटबॉल हें नांव ऐकतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें पायानें मारावयाचा वाटोळा चेंडू उभा राहील. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळला जातो, आणि त्याचा चेंडूही दोन्ही टोकांस निमुळता असतो. या खेळांत ‘क्वार्टरबॅक’ नांवाचा एक गडी असतो. सामना जिंकला तर दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें चित्र झळकतें. हरला तर सारें खापर त्याच्याच डोक्यावर फुटतें. क्रिकेटांत जयापजयाचा हिशेब जसा कप्तानाच्या नांवें मांडतात, तसा येथें तो या गड्याच्या नांवें मांडतात. त्याच्या यशांत त्याचा स्वतःचा वांटा किती आणि भोंवतालच्या गड्यांचा किती, हा तिकडे नेहमींच्या वादाचा विषय आहे. आणि त्याच्या उत्तरावर माणसांची उपजीविका अवलंबून असल्यामुळें तो केवळ करमणुकीचा नाहीं. त्याचा थोडासा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. मैदान शंभर यार्ड लांब, व दोन्ही शेवटांस आणखी दहा-दहा यार्डांची पट्टी. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत साधलें तर पुन्हां चार. असें करीत करीत प्रतिपक्षाच्या पट्टींत चेंडू नेला म्हणजे ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं सेंटर नांवाचा मधला गडी आपल्या पायांमधून चेंडू मागें क्वार्टरबॅकाकडे देतो. मग क्वार्टरबॅकानें तो धांवणाऱ्या गड्याच्या हातीं सोंपवावा, किंवा स्वतः घेऊन धांवावें, किंवा दूर पळत गेलेल्या सोबत्याकडे फेकावा. पुढच्या दिशेनें चेंडू फेकण्याची मुभा १९०६ सालीं मिळाली, आणि तेव्हांपासून फेकणाऱ्याचें माहात्म्य हळूहळू वाढत गेलें.

आतां क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभा आहे असें समजा. त्याच्यापुढें त्याच्याच पक्षाचे पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात: मध्यें सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस गार्ड, आणि कडेस टॅकल. प्रत्येकाचें वजन तीनशें पौंडांच्या आसपास. नेहमींच्या खेळींत यांनीं चेंडू झेलावयाचा नाहीं कीं गुण मिळवावयाचे नाहींत. समोरून चाल करून येणाऱ्यांस थोपवून धरावयाचें, एवढेंच त्यांचें काम. प्रेक्षकांपैकीं फार थोड्यांस त्यांचीं नांवें ठाऊक असतात. परंतु ते जितका वेळ थोपवितील तितकाच वेळ क्वार्टरबॅकास मिळतो, आणि तो बहुधा अडीच-तीन सेकंदांहून अधिक नसतो. तेवढ्यांत कोणता सोबती मोकळा सुटला, प्रतिपक्षाचा कोणता गडी कोठें सरकला, हें हेरून त्यानें चेंडू सोडला पाहिजे. भिंत ढांसळली कीं चेंडू हातांत असतांनाच त्यास भुईवर लोळवितात. यास ‘सॅक’ म्हणतात.

भिंत कच्ची असल्यास काय होतें, हें डेव्हिड कार याच्या हकीकतीवरून कळेल. २००२ सालीं ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नव्यानेंच नॅशनल फुटबॉल लीगमध्यें उतरला. लीगचे संघ दरवर्षीं महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची पाळीपाळीनें निवड करितात; त्या निवडींत ह्यूस्टननें साऱ्या देशांतून पहिला म्हणून कार यास घेतलें. त्या पहिल्याच हंगामांत, सोळा सामन्यांत, हा तरुण ७६ वेळां भुईवर लोळविला गेला. २००५ सालीं ६८ वेळां. पांच हंगामांची बेरीज २४९. अशा माराखालीं वाढलेल्या गड्याची नजर पळणाऱ्या सोबत्यांवरून उडते आणि अंगावर येणाऱ्यांवर खिळून राहते. ही खोड पुढें चांगल्या भिंतीआडही सुटत नाहीं, असें या खेळांतले जाणते सांगतात. कार पुढें इतर संघांत बहुतेक काळ राखीव गडी म्हणूनच राहिला. आतां, सॅकचा सारा दोष भिंतीचाच असतो असेंही नाहीं. चेंडू फार वेळ कवटाळून बसणारा क्वार्टरबॅक भल्या भिंतीलाही बट्टा लावतो. तथापि ७६ हा आंकडा एकट्या माणसाच्या चुकीनें होत नाहीं.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या वहीची. क्वार्टरबॅकानें पांच यार्डांवर साधा चेंडू फेकला, सोबत्यानें तो झेलला, आणि दोघांतिघांस चुकवून पुढें साठ यार्ड धांव घेतली, तर वहींत क्वार्टरबॅकाच्या नांवें पांच नव्हे, पासष्ट यार्ड जमा होतात. उलट, अचूक फेकलेला चेंडू सोबत्याच्या हातांतून निसटला तर क्वार्टरबॅकाची फेक फुकट गेली अशी नोंद. आणि निसटून उडालेला तोच चेंडू प्रतिपक्षानें पकडला तर तेंही त्याच्याच खातीं खर्ची. १९७३ पासून लीगमध्यें ‘पासर रेटिंग’ नांवाचा आंकडा काढतात. फेकी, झेल, यार्ड, टचडाउन व प्रतिपक्षानें पकडलेले चेंडू यांवरून तो निघतो, आणि त्याची परमावधि शंभर नसून १५८.३ आहे! सॅकचा त्यांत मागमूस नाहीं. खातें एकाच्या नांवाचें, पण जमाखर्च अकरा जणांचा, अशी ही वही आहे. तीवरून एकट्याची पत ठरविणें धोक्याचें आहे.

एकच माणूस दोन निरनिराळ्या मंडळींत ठेवून पाहिला तर कांहीं निश्चित कळेल. असे प्रयोग कोणी मुद्दाम करीत नाहीं, पण खेळाच्या इतिहासांत ते आपोआप घडले आहेत. स्टीव्ह यंग हा १९८५ व १९८६ या दोन सालीं टँपा बे बकनिअर्स या संघांत होता. दोन्ही वर्षीं त्या संघानें सोळांपैकीं दोनच सामने जिंकले. यंग ज्या १९ सामन्यांत आरंभापासून खेळला त्यांतले ३ जिंकले, १६ हरले. त्याच्या टचडाउनच्या फेकी ११ आणि प्रतिपक्षानें पकडलेल्या २१. संघानें त्याचा नाद सोडला. १९८७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे कोच बिल वॉल्श यांनीं त्यास आपल्याकडे घेतलें. तेथें कांहीं वर्षें त्यानें जो मॉन्टॅना या थोर क्वार्टरबॅकाच्या मागें बसून काढलीं. आणि पुढें १९९१ पासून १९९७ पर्यंतच्या सात हंगामांपैकीं सहांत पासर रेटिंगमध्यें तो साऱ्या लीगचा अग्रणी ठरला. १९९५ च्या जानेवारींत सुपर बाऊल या अंतिम सामन्यांत त्यानें सहा टचडाउन फेकले, त्यांतले तीन जेरी राइस या एकाच सोबत्यानें झेलले. हात तोच, नजर तीच. भिंत, झेलणारे, आणि वॉल्श यांची शिकवण एवढें मात्र नवें होतें.

ज्यास सॅन फ्रान्सिस्कोहून कधीं बोलावणें आलें नाहीं असाही एक क्वार्टरबॅक होऊन गेला. आर्ची मॅनिंग हा १९७१ पासून १९८२ पर्यंत न्यू ऑर्लिन्स सेंट्स या दुबळ्या संघाकडून खेळला. त्याच्या अंगचे गुण प्रतिस्पर्धीही मानीत. १९७८ व १९७९ सालीं लीगच्या निवडक गड्यांत त्याची गणना झाली. परंतु त्याच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब ३५ जय, १०१ पराजय व ३ बरोबरी असा आहे. त्याचे दोन मुलगे, पेटन व इलाय, दोघेही क्वार्टरबॅक झाले आणि दोघांनींही दोन-दोन सुपर बाऊल जिंकले. मुलगे बापाहून चौपट गुणी होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

किंबहुना पेटनच्या एकट्याच्या चरित्रांतच या प्रश्नाचें मर्म सांपडतें. २०१३ सालीं डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून खेळतांना त्यानें ५५ टचडाउन फेकले. एका हंगामांत एवढे टचडाउन त्यापूर्वीं कोणींही फेकले नव्हते. संघानें ६०६ गुण मिळविले, तोही उच्चांकच. तेथून २०१४ च्या फेब्रुवारींत सिअॅटलविरुद्ध सुपर बाऊल. पहिल्याच खेळींत सेंटरनें दिलेला चेंडू पेटनच्या बाजूनें निसटून मागच्या पट्टींत गेला, आणि बारा सेकंदांत प्रतिपक्षास दोन गुण मिळाले! शेवटीं ४३ विरुद्ध ८ असा पराभव. यानंतर दोनच वर्षांनीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, त्याच संघांत पेटन अगदीं थकला होता. २०१५ च्या हंगामांत त्याचे टचडाउन ९ आणि पकडलेले चेंडू १७. मध्यंतरीं त्यास बाजूस बसवून दुसऱ्यास खेळविलें. तरी २०१६ च्या फेब्रुवारींत डेन्व्हरनें कॅरोलायनास २४ विरुद्ध १० असें हरवून सुपर बाऊल जिंकला. त्या सामन्यांत पेटननें एकही टचडाउन फेकला नाहीं. उत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो व्हॉन मिलर यास, म्हणजे प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकावर तुटून पडणाऱ्या गड्यास. वहींत मात्र हा जय पेटनच्याच नांवें लिहिला गेला.

२००० च्या हंगामांत बॉल्टिमोर रेव्हन्सच्या ट्रेंट डिल्फरचें असेंच झालें. त्याच्या संघानें सोळा सामन्यांत प्रतिपक्षांस मिळून अवघे १६५ गुण करूं दिले आणि सुपर बाऊल जिंकला. पण विजयानंतर संघानें डिल्फरास पुढें ठेवून घेतलें नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग क्वार्टरबॅक म्हणजे नुसता नांवाचा धनी. तसें मुळींच नाहीं. २०११ सालीं मानेच्या दुखण्यामुळें पेटन मॅनिंग एकही सामना खेळूं शकला नाहीं. आदल्या वर्षीं १० सामने जिंकणारा त्याचा तेव्हांचा इंडियानापोलिस संघ त्या वर्षीं २ जिंकला आणि १४ हरला. याच्या उलट, २००८ सालीं पहिल्याच सामन्यांत न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीचा गुडघा निकामी झाला, आणि त्याच्या जागीं मॅट कॅसल उभा राहिला. याला माध्यमिक शाळेनंतर क्वार्टरबॅक म्हणून आरंभापासून एकही सामना खेळावयास मिळाला नव्हता. त्या संघानें ११ सामने जिंकले. यावरून ब्रेडी कमी व मॅनिंग अधिक असा निष्कर्ष कित्येक जण काढीत. तो उतावळेपणाचा होता. आदल्या वर्षीं ब्रेडीसह त्याच संघानें सोळाच्या सोळा सामने जिंकले होते. आणि २०२० सालीं ब्रेडी संघ सोडून गेला तेव्हां न्यू इंग्लंड १२ जयांवरून ७ वर आलें, तर आदल्या वर्षीं ७ जिंकणारा टँपा बे त्यास घेऊन ११ वर गेला व सुपर बाऊलही जिंकला. मात्र टँपास माइक एव्हान्स व क्रिस गॉडविन यांसारखे झेलणारे आधींपासूनच होते, हेंही विसरतां येत नाहीं.

त्याच सुपर बाऊलमध्यें, २०२१ च्या फेब्रुवारींत, समोर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स होता. त्याच्या भिंतीच्या दोन्ही कडांचे नेहमींचे टॅकल दुखापतीमुळें घरीं बसले होते. सारा सामना तो मागें मागें पळत राहिला. त्याच्या संघास एकही टचडाउन मिळाला नाहीं व ३१ विरुद्ध ९ अशी हार झाली. पुढें २०२२ सालीं त्याचा सर्वांत वेगवान सोबती टायरीक हिल दुसऱ्या संघांत गेला, तरी त्याच हंगामाचा सुपर बाऊल माहोम्सनें जिंकला, कारण भिंत शाबूत होती व त्या सामन्यांत त्याला कोणी एकदांही लोळविलें नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियानें त्यासच सहा वेळां लोळविलें आणि ४० विरुद्ध २२ असें हरविलें. झेलणारा गेला तर उत्तम क्वार्टरबॅक निभावून नेतो. भिंत गेली तर कोणीही निभावून नेत नाहीं, असा आमचा ग्रह झाला आहे. मध्यम संघास तो बऱ्यांत आणील, बऱ्यास उत्तमांत. परंतु जेथें कांहींच नाहीं तेथें आर्ची मॅनिंगचीच गत. आणि परावलंबन सर्वांत अधिक असतें तें उमेदवारीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हां गडी अजून घडत असतो.

उरला पैशाचा प्रश्न. १९९४ पासून लीगनें प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनखर्चास मर्यादा घातली आहे. २०२४ सालीं ती २५ कोटि ५४ लक्ष डॉलर होती. त्याच वर्षीं डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटनें सालीना सरासरी सहा कोटि डॉलरांचा करार केला. एकाच्या पानांत एवढें वाढलें म्हणजे भिंतीच्या व झेलणाऱ्यांच्या वांट्यास कमी येणार हें उघड आहे. ज्या सिअॅटलनें पेटनच्या संघाचा धुव्वा उडविला त्याचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन २०१२ च्या निवडींत ७५ वा निवडला गेला होता व त्याचें वेतन लीगच्या मानानें अल्प होतें. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या निवडींत २६२ वा, म्हणजे अगदीं शेवटचा. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याचा संघ सुपर बाऊलमध्यें माहोम्सकडून जादा वेळांत तीनच गुणांनीं हरला. आणि हें यश त्याचें कीं त्याच्या नामांकित सोबत्यांचें, यावर बराच वाद झाला. २०२५ सालीं संघानें त्याच्याशीं पांच वर्षांचा २६ कोटि ५० लक्ष डॉलरांचा करार केला. त्याच वसंत ऋतूंत डीबो सॅम्युअल हा त्याचा झेलणारा सोबती वॉशिंग्टनास गेला, आणि बचावाचेही कित्येक खंदे गडी इतर संघांनीं नेले.