माशीने मासा पकडायचा, तोही शरदात!

मासे म्हटले की आपल्याला आठवतो तो बाजार, बर्फावर मांडलेली पापलेटं आणि भावावरून चाललेली घासाघीस. फार तर गळ टाकून नदीकाठी बसलेला एखादा आजोबा. पण मासा पकडण्याची एक तऱ्हा अशी आहे की तिथे ना जाळं, ना गांडूळ. हुकावर पिसं, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली खोटी माशी, आणि समोर थंडगार पाण्यातला चतुर ट्राउट. भरतकाम, विणकाम करणाऱ्या हातांना ही माशी बांधायला अवघड नाही बरं का!

‘छे, हा तर पुरुषांचा शौक!’ असं तुम्ही म्हणाल. पण गळाच्या मासेमारीवर इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेला पहिला ग्रंथ परंपरेने एका जोगिणीच्या नावावर सांगितला जातो. विद्वान त्यावर वाद घालतात, ते राहू द्या. अमेरिकेच्या जोन वुल्फबाईंनी मात्र 1960 मध्ये माशीची दोरी तब्बल 161 फूट लांब फेकून दाखवली. त्याबद्दल वाद नाही.

हा पाहुणा आला कुठून?

ट्राउट मूळचा आपला नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपचा, तर अंगावर गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेचा. साहेबाला घरचा खेळ हवा होता, म्हणून 1900 मध्ये स्कॉटलंडहून अंडी काश्मीरला आणली गेली. 1909 च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात कटराईंजवळ उबवण केंद्र झालं. पुढे पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने मत्स्यशेतीला जोर आला. थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी हीच या माशाची गरज. पाणी तापलं की तो कासावीस होतो. हिमालयातल्या मूळच्या माशांना मात्र या परक्या पाहुण्याने बरंच मागे रेटलं, हेही विसरायला नको.

शरदच का?

कुल्लू जिल्ह्यात बंजारच्या पुढे गुशैणीकडे जाणारी तीर्थन नदी या खेळासाठी नावाजलेली आहे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून ती खाली येते. या उद्यानाला 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. पावसाळ्यात गढूळ, अक्राळविक्राळ असणारी ही नदी आश्विनात अगदी काचेसारखी होते. तिकडे कुल्लूचा दसरा, इकडे कोवळं ऊन. सकाळी गारठा असतो, म्हणून माशी टाकायला दुपारची अकरा ते तीन ही वेळ बरी. ऊन पडलं की किडे पाण्यावर येतात आणि त्यांच्यामागे मासा!

पण घाई करा. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. काश्मीरचा हंगाम तर सप्टेंबरअखेर संपतो. राज्याच्या मत्स्य खात्याचा परवाना आधी काढा. किती मासे आणि केवढे घ्यायचे, हेही तिथेच विचारून घ्या.

दोरी कशी टाकाल?

काठीची मूठ हलकी धरा, अंगठा वर ठेवा. इथे वजन माशीला नसतं, दोरीला असतं. त्यामुळे जोर लावून काही होत नाही. मागे न्या, *थांबा*, मग पुढे. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबणं हाच सगळा खेळ. नवशिक्याची चूक होते ती इथेच, घाईत. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. कपडे मळकट, मातकट रंगाचे घाला. लाल ओढणी घरी ठेवा!

जपून, हं!

- गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. हातात टेकायला काठी असू द्या. शेवाळलेल्या दगडांवर साडी आणि चप्पल नकोच.
- धरणाखालच्या पाण्यात उतरू नका. 2014 च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बिआसकाठचे अभियांत्रिकीचे 24 विद्यार्थी वाहून गेले होते.
- जुलै 2023 च्या पुराने कुल्लूतल्या नद्यांची पात्रं ठिकठिकाणी बदलली. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, गावच्या माणसाला विचारा.
- लोकरी मोजे, कोरड्या कपड्यांचा जोड आणि चहाचा थर्मास पिशवीत हवाच.

आणि गाबोळी?

आता मुद्द्याची गोष्ट. गाबोळी म्हटलं की आपल्या तोंडाला पाणी सुटतं. ऑक्टोबरात तपकिरी ट्राउटच्या मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं. थोड्याच दिवसांत ती खड्यांच्या तळाशी शेपटीने खळगा करते, अंडी घालते आणि वरून खडे लोटते. बर्फाच्या पाण्यात ती अंडी हिवाळाभर वाढतात. त्या वेळी तळावर आपला एक पाय पडला तरी शेकडो पिल्लं चिरडतात. बंदी का आहे, ते यावरून कळेल.

म्हणून फुगलेल्या पोटाची मादी गळाला लागली तर तिला सोडून द्या. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो. पोट दाबू नका. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. प्रवाहाकडे तोंड करून अलगद धरा, ती आपणहून निसटेल. हुकाचा उलटा काटा आधीच पकडीने चपटा केलात तर सोडवणं आणखी सोपं.

‘मग जेवायला काय?’ तर शेततळ्यातला इंद्रधनुषी ट्राउट! कुल्लू भागात तो सहज मिळतो. मासा लगेच साफ करा, पण जाड मसाल्याखाली त्याची चव बुजवू नका. मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवा आणि मोहरीच्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजू कुरकुरीत करा. सोबत गरम भात पुरे.

नदीतली गाबोळी नदीत राहिली, तरच पुढच्या शरदात तुमच्या लेकीच्या माशीवर मासा झेप घेईल.