थंडी नव्हे, बंद खिडकी

डिसेंबर लागला की सुरतेत लिंबायत-उधन्यातल्या मराठी घरांत मुलांना कानटोप्या चढतात. ऊब हवीच, पण सर्दी-फ्लू होतो तो विषाणूंमुळे, आणि भारतात फ्लूची एक लाट तर भर पावसाळ्यात येते. मग हिवाळ्यातही मुलं का शिंकतात? प्रश्न रास्त आहे. 2015 साली येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर दाखवून दिलं, की 33 अंशांना, म्हणजे नाकाच्या आतल्या गारव्याला, पेशींचा प्रतिकार मंदावतो आणि सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस जोमाने वाढतो. तेव्हा ‘थंडीने सर्दी होते’ हे आजीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण विषाणू मुळात नाकापर्यंत पोचावा लागतो. तो पोचतो गारवा नको म्हणून खिडक्या लावलेल्या वर्गात, एका बाकावर खेटून बसलेल्या मुलांच्या श्वासातून, शेंबूड पुसलेल्या बाहीवरून आणि त्याच हाताने उघडलेल्या डब्यातून.

‘खिडकी उघडली तर पोरं गारठतील’ ही भीती सुरतेच्या सौम्य हिवाळ्यात फारशी टिकत नाही. स्वेटर घालून समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवता येतात. डबा खाण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवायला लावा. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक मागू नका, आणि औषधाविना ताप उतरून 24 तास होईपर्यंत मुलाला घरीच ठेवा.