शेतकी कामांतील हस्तकौशल्याची परीक्षा

डाळिंबाचा बहार धरण्याचे दिवस आले म्हणजे सोलापूर जिल्ह्यांत छाटणी करणाऱ्या टोळ्या गांवोगांव फिरूं लागतात. हल्लीं त्यांतील कांहींजणांजवळ प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र असतें, कांहींजणांजवळ नसतें. बागाईतदारापुढें प्रश्न असा उभा राहतो कीं, या कागदाची किंमत किती धरावी? प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. तेल्या रोग जीवाणूपासून होतो, हें आतां बहुतेक सर्वांस ठाऊक आहे. रोगट फांदी कापलेली कात्री धुतल्यावांचून निरोगी झाडास लाविली म्हणजे रोगाचें बीज आपणच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊन पेरितों, आणि त्याची मजुरीही आपणच देतों. म्हणून कात्री धरणाऱ्याच्या डोक्यांत काय आहे व त्याचा हात प्रत्यक्षांत काय करितो, या दोन्ही गोष्टी पारखून घेणें हा मालकाच्या हिताचा विषय आहे.

शेतकीचें धंदेशिक्षण कसें द्यावें याविषयींची चर्चा आपल्या प्रांतीं जुनी आहे. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या शाही शेतकी कमिशनच्या अहवालांत पुणें जिल्ह्यांतील लोणी येथील धर्तीच्या स्वतंत्र शेतकी शाळा बऱ्या, कीं पंजाबांतल्याप्रमाणें साध्या शाळांतच शेतकी हा एक विषय असावा, याची तुलना केलेली आहे, व कमिशननें कौल पंजाबी पद्धतीकडे दिला. पुढें १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना देशापुढें आली. स्वातंत्र्यानंतर १९७४ सालीं पहिलें कृषि विज्ञान केंद्र पाँडिचेरी येथें निघालें. आज तशीं केंद्रें जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आपल्या सोलापुरांत तर १९३३ पासूनचें कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र आहे, आणि २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. शिकविण्याची सोय, म्हणजे, अगदींच तोकडी नाहीं. परंतु शिकविलेलें अंगीं मुरलें कीं नाहीं, हें पाहण्याच्या बाबतींत मात्र आपण अजून कागद आणि शाई यांच्यावरच फार विसंबतों.

एक साधें उदाहरण घेऊं. एक टक्का बोर्डो मिश्रण कसें करावें, असा प्रश्न उमेदवारास विचारला तर तो बहुधा उत्तर देईल कीं, मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. उत्तर बरोबर; गुण पूर्ण. आतां त्याच उमेदवारापुढें शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, दहा लिटर पाणी, दोन प्लास्टिकच्या व एक लोखंडी अशा तीन बादल्या, गाळण्यास फडकें आणि एक स्वच्छ चाकू मांडून ठेवावा, व परीक्षकानें गप्प बसावें. मोरचूद तो कोणत्या बादलींत विरघळवितो? लोखंडी बादलींत टाकला तर तांबें लोखंडावर चढून बसेल, हें त्याला ठाऊक आहे काय? चुना निराळा भिजवून, निवूं देऊन, गाळून घेतो काय? मोरचुदाचें पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या निवळींत ओततो, कीं दोन्ही भुकट्या एकदम पाण्यांत टाकून मोकळा होतो? आणि शेवटीं, कोणीं न सांगतां, चाकूचें पातें मिश्रणांत बुडवून त्यावर तांबूस पुट चढतें कीं काय हें पाहतो कीं नाहीं? या शेवटच्या एका कृतींत सगळी परीक्षा सांठविलेली आहे. पुट चढलें म्हणजे मोकळें तांबें राहिलें, पानें करपणार, चुना आणखी घालावयास पाहिजे.

येथें परीक्षकानें थोडी युक्ति करावी. पुडींतला चुना मुद्दाम जुना, हवेनें मेलेला द्यावा. ज्यानें केवळ प्रमाण पाठ केलें आहे तो शंभरास शंभर तोलून समाधान पावेल. ज्याला मिश्रणाचें मर्म कळलें आहे तो चाकूवर पुट पाहून थांबेल, चुना चिमटींत धरून पाहील, आणि दुसरा मागेल. उलटपक्षीं असाही मजूर भेटतो कीं, ज्याचा हात वर्षांनुवर्षांच्या संवयीनें बिनचूक चालतो, पण ‘‘असें कां?’’ म्हटलें कीं तो बुचकळ्यांत पडतो. चुना चांगला आहे तोंपर्यंत त्याचें काम उत्तम. चुना बिघडला कीं तोही फसतो. म्हणून ज्ञान आणि कौशल्य हीं दोन्हीं तपासावीं लागतात, आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर मांडतां येत नाहींत. तोंडी उत्तरांत चाळीस व हातकामांत दहा, मिळून पन्नास म्हणून उत्तीर्ण, हा हिशेब बाजारांत चालेल, बागेंत चालत नाहीं.

छाटणीच्या परीक्षेंतही हेंच तत्त्व लावावें. उमेदवारास तीन झाडें द्यावींत. त्यांपैकीं मधल्या झाडावर तेल्याचे डाग असलेली एखादी फांदी असावी. परीक्षकानें पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रथम तो तिन्हीं झाडांभोवतीं फिरून पाहतो, कीं पोंचतांच कात्री चालवितो? निरोगी झाडें आधीं व रोगट झाड शेवटीं, हा क्रम तो आपण होऊन लावतो काय? बुंध्याजवळचे पाणसोट काढून तीनचार खोडें राखतो काय? फांद्यांचे शेंडे दहापंधरा सेंटिमीटरच छाटतो, कीं हात सैल सुटला म्हणून निम्में झाड बोडकें करितो? रोगट फांदी डागाच्या खालीं दोन इंच निरोगी भाग घेऊन तोडतो काय? कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणांत बुडवितो काय, मोठ्या कापांवर बोर्डोची पेस्ट लावितो काय, आणि तोडलेल्या फांद्या गोळा करून जाळावयास नेतो, कीं तेथेंच वाफ्यांत टाकून देतो? यांतल्या बऱ्याच गोष्टींना कमीजास्त गुण देतां येतील. परंतु कात्री न बुडवितां रोगट झाडाकडून निरोगी झाडाकडे जाणें हा दोष गुण कापण्याचा नव्हे, नापास करण्याचा आहे. असे दोनतीन वर्ज्य दोष प्रत्येक कामांत अगोदर ठरवून उमेदवारास सांगून ठेवावेत. आयत्या वेळीं काढलेला नियम म्हणजे परीक्षा नव्हे, सापळा होय.

परीक्षक दोन असावेत, व दोघांनीं एकमेकांशीं न बोलतां निरनिराळ्या कागदांवर टिपणें करावींत. मग कागद जुळवून पाहावेत. एकानें ‘‘फार छाटलें’’ म्हटलें व दुसऱ्यानें ‘‘ठीक’’ म्हटलें, तर वाद उमेदवाराच्या हाताविषयीं नसून आपल्या मापाविषयीं आहे असें समजावें. आणि ‘‘फार’’ या शब्दाच्या जागीं सेंटिमीटर लिहावेत. ज्यानें शिकविलें त्यानेंच एकट्यानें परीक्षा घेऊं नये, हें निराळें सांगावयास नको. आपलें लेंकरूं सर्वांनाच गोंडस दिसतें.

पेरणीच्या कामाची पारख याहून सोपी आहे, कारण तींत तराजू साक्ष देतो. आपल्याकडील रब्बी ज्वारी, विशेषतः मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ३५-१, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळींत एकरीं सुमारें चार किलो बियाण्यानें पेरावी अशी शिफारस आहे. (विरळ ओळी व कमी बियाणें हा कोरडवाहू शेतीचा धडा सोलापुरांतील प्रयोगांनींच घालून दिलेला आहे.) चाड्यावर मूठ धरणारी बाई हें माप हातानें राखते. तिची परीक्षा घेण्यास पीक उगवेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. तिफणीच्या तिन्ही नळ्यांच्या खालीं कापडी पिशव्या बांधाव्यात, बियाणें तोलून द्यावें, व शंभर मीटर तिफण चालवावी. शंभर मीटरच्या एका ओळींत पंचेचाळीस चौरस मीटर जमीन येते, म्हणजे एकराचा सुमारें नव्वदावा भाग. तेव्हां प्रत्येक पिशवींत चव्वेचाळीस ग्रॅमच्या आसपास दाणा पडावयास हवा. तिन्ही पिशव्या मिळून एकशें तेहतीस ग्रॅम भरले, पण एकींत साठ व दुसरींत तीस असतील, तर एकूण माप बरोबर असूनही मूठ सारखी नाहीं. शेतांत एक ओळ दाट व एक पातळ उठेल. अशा बाईला लिहितां वाचतां येत नसेल म्हणून तिला अशिक्षित कामगार म्हणणें अन्यायाचें आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेंत अनुभवानें अंगीं आलेल्या कौशल्यास मान्यता देण्याची तरतूद ठेवलेली आहे, ती अशाच लोकांकरितां उपयोगी पडावी. मात्र तेथें प्रश्न तिच्या बोलींत व तोंडी विचारले पाहिजेत. ‘‘बियाण्याचें हेक्टरी प्रमाण सांगा’’ असें म्हटल्यास ती गप्प राहील. ‘‘एवढ्या रानाला किती पायल्या लागतील?’’ असें विचारलें तर लगेच सांगेल.

केवळ ज्ञान तपासावयाचें असेल तरी तें वर्गांत बसूनच तपासलें पाहिजे असें नाहीं. इंडोनेशियांत १९८९ पासून भातकऱ्यांसाठीं ज्या शेतीशाळा निघाल्या त्यांत मतपेटीची परीक्षा म्हणून एक सुंदर प्रकार वापरतात. शेतांत ठिकठिकाणीं काठ्या रोंवून त्यांवर प्रश्न लावतात: दोरी बांधून दाखविलेला हा किडा शत्रु कीं मित्र? हें पान रोगानें पिवळें कीं अन्नाच्या तुटीनें? उत्तरासाठीं तीन पेट्या असतात व प्रत्येकजण आपल्या क्रमांकाची चिठ्ठी एका पेटींत टाकतो. हंगामाच्या आरंभीं एकदां व अखेरीस एकदां अशी परीक्षा घेतली कीं शिक्षणाचा पदरांत पडलेला भाग मोजतां येतो. महाराष्ट्रांतही कृषि खात्याच्या शेतीशाळा भरतात. डाळिंबाच्या बागेंत तेल्याचा डाग, बुरशीचा डाग आणि उन्हानें भाजलेलें फळ अशीं तीन फळें ठेवून आपल्या मंडळासही हें करतां येईल. पुस्तकांतील चित्र ओळखणारे पुष्कळ असतात. सकाळच्या दंवांत, अर्धवट झांकलेल्या फळावरचा डाग ओळखणारे थोडे.

फवारणीच्या बाबतींत परीक्षा अधिक कडक हवी. १९१७ किंवा १९४७ सालच्या शेतकऱ्याला ही काळजी फारशी नव्हती, आपल्याला आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. तेव्हां पंप पाठीस लावण्यापूर्वीं उमेदवार डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहतो काय, हातमोजे व तोंडावर फडकें बांधतो काय, वाऱ्याची दिशा पाहून चालतो काय, तोटी तुंबली तर तोंडानें फुंकतो काय, हें सर्व साध्या पाण्यावर पाहावें. प्रत्यक्ष औषध परीक्षेंत वापरूं नये. तोटी मुद्दाम तुंबलेली द्यावी. तोंड लावणारा तेथल्या तेथें नापास.

एका दिवसाच्या परीक्षेला मर्यादा आहेत, हेंही कबूल केलें पाहिजे. परीक्षकाच्या देखत कात्री बुडविणारा मनुष्य दुपारच्या उन्हांत चाळिसाव्या झाडापाशीं ती बुडविल कीं नाहीं, हें त्या दिवशीं कळत नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ शेतकी शाळेंत रूफस स्टिमसन यांनीं १९०८ नंतर अशी पद्धत घातली कीं, विद्यार्थ्यानें घरच्या शेतावर एक काम हंगामभर स्वतः करावें, त्याचा हिशेब ठेवावा, व शिक्षकानें वरचेवर तेथें जाऊन पाहावें. आपल्याकडेही छाटणीच्या उमेदवारानें ज्या बागा छाटल्या त्यांची नोंदवही ठेवावी, व दोनतीन महिन्यांनीं परीक्षकानें न कळवितां एका बागेंत जाऊन नव्या फुटीवर व फळांवर डाग किती आहेत तें पाहावें. रोग पावसानेंही येतो, शेजाऱ्याच्या बागेंतूनही येतो. म्हणून या पाहणीवरून एकट्या मजुराला दोष देतां येणार नाहीं. पण एकाच टोळीच्या चार बागा सारख्याच बिघडल्या असतील तर तो योगायोग म्हणून सोडूनही देतां येणार नाहीं.

राहतां राहिला एक व्यवहाराचा प्रश्न: परीक्षेस झाडें कोणीं द्यावींत? छाटणी चुकलेल्या झाडाचा एक बहार जातो, आणि शिकाऊ हाताखालीं चालू बाग कोणी देणार नाहीं, हें उघड आहे. परंतु काढून टाकावयाच्या जुन्या बागा दरसाल जिल्ह्यांत निघतातच. अशी बाग उपटण्यापूर्वीं महिनाभर आधीं सभासदानें मंडळास कळवावें. एका उमेदवारास तीन झाडें या हिशेबानें शंभर झाडांत तेहतीस जणांची परीक्षा होते, आणि मालकाचें कांहीं एक जात नाहीं.