लखनौमध्ये संगीत नाटकाचे शिक्षण : गाणारा नट कोठे घडतो?

गाणे शिकविणारी जुनी संस्था आणि नाटक शिकविणारी स्वतंत्र अकादमी, अशा दोन्ही सोयी असलेली शहरे देशात मोजकीच आहेत. उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ हे त्यांपैकी एक. कैसरबागेतील भातखंडे संस्कृती विद्यापीठात संगीत व नृत्य शिकविले जाते, तर गोमती नदीपलीकडील गोमतीनगरात भारतेंदु नाट्य अकादमी आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याला रंगमंचावर गात गात अभिनय करावयाचा आहे, त्याला या दोन संस्थांच्या मधली वाट स्वतःच शोधावी लागते. संगीत नाटकाची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा आहे. त्यामुळे लखनौचे उदाहरण मराठी वाचकांच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

एकाच काळातील दोन प्रारंभ

लखनौ आणि संगीत नाटक यांचे नाते अवधच्या नवाबी काळापासूनचे आहे. वाजिद अली शाह यांनी युवराज असताना, १८४३ च्या सुमारास, राधा-कृष्णाच्या कथेवर आधारित ‘राधा कन्हैया का किस्सा’ हे गायन-नर्तनयुक्त नाट्य सादर केले. ‘रहस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगांत ब्रजच्या रासलीलेचा आणि दरबारी कथ्थकचा संगम होता. १८४३ हेच वर्ष मराठी रंगभूमीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले. त्यातही सूत्रधाराचे गायन हाच कथनाचा कणा होता.

त्यानंतर दशकभरात लखनौचे कवी आगा हसन अमानत यांनी ‘इंदर सभा’ लिहिले. गझल, ठुमरी, होरी अशा रचनांनी नटलेल्या या नाटकाला एवढी लोकप्रियता लाभली, की पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी ते देशभर नेले. १९३२ मध्ये मदन थिएटर्सने या कथेवर काढलेल्या बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती. हिंदी चित्रपटातील गाण्यांच्या प्राचुर्याचा एक धागा अशा रीतीने लखनौपर्यंत मागे जातो.

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे गेले. दरबारी आश्रय संपला, तरी संगीत नाट्य लोकरंगभूमीवर नौटंकीच्या रूपाने बहरले. हाथरस आणि कानपूर या तिच्या दोन प्रमुख शैली. कानपूरच्या परंपरेतील गुलाबबाई या नौटंकीच्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक होत. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संगीताचा वर्ग : एका मराठी वकिलाचे कार्य

लखनौमधील संस्थात्मक संगीत शिक्षणाचा पाया मुंबईच्या वाळकेश्वर येथे १८६० मध्ये जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घातला. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी देशभर भ्रमण करून बंदिशी गोळा केल्या, त्यांसाठी सुटसुटीत स्वरलिपी तयार केली आणि रागांची दहा थाटांत विभागणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा चार भागांतील ग्रंथ मूळ मराठीत आहे. १९२४ आणि १९२५ मध्ये लखनौ येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांमधून महाविद्यालयाची कल्पना पुढे आली. राय उमानाथ बली आणि तत्कालीन संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला देण्यात आले होते.

पुढे भातखंडे यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून अनेक वर्षे संस्थेची धुरा वाहिली. विदुषी सुमती मुटाटकर, पंडित के. जी. गिंडे, पंडित एस. सी. आर. भट, चित्रपट संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद यांचे शिक्षण याच परंपरेत झाले. १९६६ मध्ये राज्य शासनाने संस्था ताब्यात घेऊन तिला भातखंडे यांचे नाव दिले. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर २०२२ मध्ये ती राज्य विद्यापीठ बनली. ज्या परीखान्यात वाजिद अली शाह यांच्या कलावंत स्त्रिया गायन-नर्तन शिकत, त्याच वास्तूत आज पदवी व पदव्युत्तर वर्ग भरतात.

या शिक्षणपद्धतीने संगीताला घराण्यांच्या बंद दारांतून आणि मैफलींच्या मर्यादेतून बाहेर काढले. सामान्य घरांतील मुला-मुलींना स्वरलिपीच्या आधारे शिकणे शक्य झाले. पण संगीताला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा देण्याच्या या प्रयत्नात रंगभूमीशी असलेले त्याचे नाते मात्र वर्गाबाहेर राहिले. वस्तुतः भातखंडे स्वतः मुंबईतील ज्या गायन उत्तेजक मंडळीशी संबंधित होते, तिचे संस्थापक कैखुशरू काबराजी हे पारशी रंगभूमीचेही एक प्रवर्तक होते. त्या काळच्या मुंबईत गाण्याची आणि नाटकाची मंडळी एकमेकांना परकी नव्हती.

नाटकाचा वर्ग : अर्धशतकानंतर

भारतेंदु नाट्य अकादमीची स्थापना १९७५ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने केली. लखनौ विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करणारे रंगकर्मी राज बिसारिया हे तिचे संस्थापक संचालक होत. १९८१ पासून येथे दोन वर्षांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. अभिनेते राजपाल यादव यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्यापूर्वी येथेच शिक्षण घेतले. बिसारिया यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

संगीत विद्यालय आणि नाट्य अकादमी यांच्या स्थापनेत अशा प्रकारे सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे. हे अंतर केवळ कालगणनेचे नाही. १९२६ मध्ये रागसंगीताचे शुद्ध रूप जतन करणे ही मुख्य चिंता होती. १९७५ मध्ये आधुनिक अभिनय, दिग्दर्शन आणि रंगतंत्र यांचे पद्धतशीर प्रशिक्षण ही निकड मानली गेली. एका ठिकाणी नाटक दुय्यम राहिले, तर दुसऱ्या ठिकाणी गाणे हा अभिनयाच्या अनेक अंगांपैकी एक विषय ठरला.

गायक आणि गायक-नट यांतील फरक

संगीत नाटकाला स्वतंत्र शिक्षणाची आवश्यकता का भासावी, याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगात सापडते. मैफलीतील गायक बसून गातो. राग हळूहळू उलगडण्यास त्याला पुरेसा अवधी असतो. गायक-नटाला गद्य संवादाच्या स्वरातून क्षणात षड्ज पकडावा लागतो. हालचालीमुळे श्वास वाढलेला असताना पट्टी सांभाळावी लागते, शब्दाचा अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो आणि पद संपताच भूमिकेत कायम राहून सहकलावंताच्या वाक्याला प्रतिसाद द्यावा लागतो. ताना कोठे घ्याव्यात, यापेक्षा त्या कोठे घेऊ नयेत, हे जाणणे येथे अधिक महत्त्वाचे असते.

नौटंकीत या मागण्या आणखी निराळ्या आहेत. दोहा, चौबोला, दौड, बहर-ए-तवील आणि लावणी अशा छंदांतून संवादच गायले जातात. दोन चरणांच्या मधल्या जागेत नगारा वाजतो. पूर्वी ध्वनिवर्धकाशिवाय उघड्या मैदानातील हजारोंच्या गर्दीला ऐकू जावे यासाठी उंच पट्टीत गाण्याची प्रथा पडली. हा आवाज ख्यालाच्या रियाजातून आपोआप तयार होत नाही. तसेच केवळ अभिनयाच्या व्यायामांतूनही तो कमावता येत नाही. त्याखेरीज हिंदी, उर्दू, अवधी आणि ब्रज या भाषांचे उच्चार व छंदशास्त्र यांची जाणही अपेक्षित असते.

हे शिक्षण पूर्वी नाटक मंडळ्यांत मिळत असे. मराठीत १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने जे युग सुरू केले, त्यात मंडळी हीच शाळा होती. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. तेथे गाणे, गद्य, उभे राहणे, वेशभूषा हे सारे एकाच छपराखाली शिकविले जाई. गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले यांच्यासारखे संगीतज्ञ नाटकाच्या पदांना चाली देत आणि नटांकडून त्या बसवून घेत. बोलपटांच्या आगमनानंतर १९३० च्या दशकात मंडळ्या मोडू लागल्या, तेव्हा नाटकांबरोबरच ही निवासी शाळाही बंद पडली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने हार्मोनिअमला मज्जाव केला होता. संगीत रंगभूमीचे हे प्रमुख वाद्य त्या काळात अभिजात संगीताच्या व्यासपीठाला नको होते, ही बाबही बोलकी आहे.

अन्यत्र काय घडते?

अमेरिकेतील महाविद्यालयांत संगीत नाटक हा स्वतंत्र विषय आहे. तेथे दोन प्रकारच्या पदव्या प्रचलित आहेत. व्यावसायिक स्वरूपाच्या पदवीत साधारणतः दोन-तृतीयांश अभ्यास गायन, अभिनय व नृत्य यांना दिलेला असतो. लिबरल आर्ट्स महाविद्यालयांच्या पदवीत हे प्रमाण बरेच कमी असते आणि उरलेल्या वेळात विद्यार्थी साहित्य, इतिहास, विज्ञान असे विषय शिकतो. पहिल्या मार्गाने रंगमंचासाठी लवकर तयारी होते. दुसऱ्या मार्गाने कलावंताची समज व्यापक होते आणि अन्य व्यवसायांची दारे खुली राहतात.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू करून संगीत, नृत्य आणि नाट्य यांना एका आवारात आणले. नाटककार सतीश आळेकर यांनी या केंद्राचे दीर्घकाळ नेतृत्व केले. मुंबई विद्यापीठातही २००३ पासून नाट्यशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. शेजारच्या वर्गात कोणी रियाज करीत आहे आणि कोणी तालीम, या सहवासाचा लाभ होतो. तरीही विद्यार्थ्याला मुख्य विषय एकच निवडावा लागतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने २०१८ मध्ये वाराणसी येथे केंद्र सुरू केले असून तेथील एक वर्षाचा अभ्यासक्रम नाट्यशास्त्रावर आधारित आहे. नाट्यशास्त्रातील अठ्ठाविसाव्या अध्यायापासून पुढील अनेक अध्याय संगीतालाच वाहिलेले आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

विद्यार्थ्यापुढील पर्याय

लखनौमध्ये संगीत नाटकाचा ध्यास घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग म्हणजे आधी संगीताची पदवी आणि नंतर नाट्य पदविका. यात आवाजाचा पाया पक्का होतो, परंतु पाच-सहा वर्षे जातात. कमावण्याचे वय सुरू झालेल्या आणि लहान गावातून आलेल्या मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, एवढी वर्षे घरच्यांकडून मागून घेणे सोपे नसते. दुसरा मार्ग म्हणजे नाट्यशिक्षण घेत असताना खासगीरीत्या गुरूकडे गाणे शिकणे. पूर्णवेळ अभ्यासक्रमातील तालमी रात्रीपर्यंत चालतात. त्यामुळे रियाजासाठी पहाटच उरते.

तिसरा मार्ग अलीकडे खुला झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि अन्य शाखा यांतील भिंती शिथिल केल्या. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी प्रत्यक्ष उपस्थितीने करण्यास मुभा दिली. मात्र दोन्ही वर्गांच्या वेळा परस्परांवर येता कामा नयेत, अशी अट आहे. शिवाय दोन्ही अभ्यासक्रमांना आयोगाची अथवा संबंधित सक्षम संस्थेची मान्यता असावी लागते. म्हणून दोन ठिकाणी शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने मान्यता आणि वेळापत्रक या दोन्ही गोष्टी लेखी स्वरूपात तपासून घेणे हिताचे ठरेल.

हे तिन्ही मार्ग विद्यार्थ्याच्या चिकाटीवर विसंबून आहेत. संस्थांनी आपसांत काही वर्ग वाटून घेतले, तर हा भार पुष्कळ हलका होऊ शकेल. संगीताच्या विद्यार्थ्याला एका सत्रात रंगमंचावर उभे राहून गाण्याची आणि नाट्य विद्यार्थ्याला स्वरज्ञानाची नियमित सोय मिळणे, एवढी सुरुवातही पुरेशी आहे. बनारसला संगीत शिकलेले आणि बालपणी कन्नड नाटक कंपनीत वावरलेले बी. व्ही. कारंत हे दोन्ही विद्या एकत्र आल्यास काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण होते. लखनौमध्ये आकाशवाणीशी निगडित राहिलेले उर्मिलकुमार थपलियाल यांनी ‘हरिश्चन्नर की लड़ाई’सारख्या नाटकातून नौटंकीला समकालीन आशय दिला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या शिक्षणाची निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. मराठी नाट्यपदे ध्वनिमुद्रिकांत आणि स्वरलिपीच्या पुस्तकांत बऱ्याच प्रमाणात सुरक्षित आहेत. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे ख्यालाच्या शेकडो बंदिशी टिकल्या. हाथरस आणि कानपूर येथे नौटंकीच्या संहिताही मोठ्या संख्येने छापल्या गेल्या. परंतु त्यांत सहसा छंदाचे नाव तेवढे दिलेले असते, चाल नसते. ती ज्येष्ठ कलावंतांच्या गळ्यात आणि नगारावादकांच्या हातात आहे. हे कलावंत हयात आहेत तोवर त्यांच्यासमोर बसून शिकणारी पिढी तयार झाली नाही, तर छापील संहिता वाचता येतील, पण त्या गाता येणार नाहीत.