आंतरविद्याशाखीय संशोधन प्रशिक्षणाचे अर्थसाहाय्य (पुणे)

विज्ञान व अभियांत्रिकीतील एकाहून अधिक विद्याशाखांच्या सीमेवर पदव्युत्तर अथवा पीएच.डी. स्तरावरील संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणारी अधिछात्रवृत्ती, प्रयोगशाळा खर्च व प्रवासखर्च यांस आंतरविद्याशाखीय संशोधन प्रशिक्षणाचे अर्थसाहाय्य म्हणतात. हे साहाय्य व्यक्तीला, प्रकल्पाला किंवा संस्थेला दिले जाते. निधी यांपैकी कोणाच्या हाती जातो, यावर विद्यार्थ्याला विषयाची सीमा ओलांडणे कितपत शक्य होईल हे बरेचसे अवलंबून असते.

पार्श्वभूमी

पुण्यात विद्येसाठी सार्वजनिक निधी देण्याची परंपरा जुनी आहे. शनिवार पेठेतील शनिवारवाड्यातून पेशव्यांचा कारभार चालत असताना श्रावण महिन्यात शास्त्री व वैदिकांना दक्षिणा दिली जाई. १८१८ नंतर इंग्रज सरकारने हा निधी चालू ठेवला आणि १८२१ मध्ये त्याचा काही भाग पुण्यातील संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे त्यातूनच महाविद्यालयीन 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकी होत. निधी कोणत्या विद्येसाठी व कोणाला द्यावा, हा वाद तेव्हाही झाला होता.

साहाय्याचे प्रकार

वैयक्तिक अधिछात्रवृत्ती: वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती हे याचे प्रमुख उदाहरण आहे. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ टप्प्यात ४२,००० रुपये आहे. तिची पात्रता परीक्षा रसायन, भू, जीव, गणित व भौतिक या पाच विज्ञानशाखांत होते. त्यामुळे दोन शाखांमधील प्रश्नावर काम करू इच्छिणाऱ्यालाही प्रथम एकच शाखा निवडावी लागते. पुण्यातील बार्टी व सारथी या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींचा आधार मात्र विषय नसून सामाजिक घटक हा आहे.

प्रकल्पाधारित नेमणूक: प्रकल्पाच्या अनुदानातून विद्यार्थ्याला मानधन मिळते. येथे विषयाचे बंधन सैल असते. मात्र प्रकल्प संपला की मानधनही थांबते.

संस्थाधारित प्रशिक्षण अनुदान: यात एखाद्या विषयसूत्राभोवती अनेक विभाग एकत्र येतात व विद्यार्थ्यांच्या संपूर्ण गटासाठी सामायिक अभ्यासक्रम आखला जातो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ मध्ये 'आयगर्ट' या नावाने अशी योजना सुरू केली. पुढे तिची जागा 'एनआरटी' या योजनेने घेतली.

पुण्यातील उदाहरणे

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र स्थापन झाले. जीवशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र यांचे एकत्रित प्रशिक्षण देणाऱ्या देशातील आरंभीच्या केंद्रांत त्याची गणना होते.

आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याअंतर्गत देशभरात २५ तंत्रज्ञान नवोन्मेष केंद्रे उभारण्यात आली. त्यांपैकी क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) आहे. या केंद्रामार्फत पदवीपासून पीएच.डी.नंतरच्या संशोधनापर्यंत 'चाणक्य' अधिछात्रवृत्ती दिल्या जातात. क्वांटम उपकरणांच्या निर्मितीत भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, पदार्थविज्ञान व संगणकशास्त्र या सर्वांची गरज असल्याने येथे निवडीचा आधार शाखेपेक्षा विषयसूत्र हा ठरतो.

मर्यादा

अभियानाचा निधी ठरावीक मुदतीचा असतो, तर पीएच.डी.ला साधारणतः पाच वर्षे लागतात. अभियानाच्या उत्तरार्धात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच पुढील वर्षांची तजवीज अन्य मार्गाने करावी लागू शकते. विद्यापीठातील नोंदणीही प्रायः एकाच विषयात होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत अन्य विभागातील सहमार्गदर्शकाची तरतूद असल्याने मार्गदर्शनाची अडचण काहीशी कमी झाली आहे. मात्र सहमार्गदर्शक मिळाल्याने अधिछात्रवृत्ती मिळतेच असे नाही. त्यासाठी स्वतंत्र निधी लागतो.