चिप बसवली म्हणजे कुत्रा सापडतोच असं नाही!
फटाके सुरू झाले की बिथरून पळालेल्या कुत्र्यांचे फोटो ग्रुपवर फिरू लागतात, म्हणून दिवाळीआधीच लिहितोय. कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात ना बॅटरी, ना जीपीएस. स्कॅनर जवळ नेला की फक्त १५ आकडी नंबर दाखवते. त्या आकड्याच्या नोंदणीत तुमचा जुना मोबाइल नंबर असेल तर चिपचा उपयोग शून्य! पट्ट्याला अडकवायचा एअरटॅग ट्रॅकर म्हणाल, तर तो आसपासच्या आयफोनच्या भरवशावर चालतो. पुण्यातल्या सोसायटीत ठीक, सिंहगडाच्या रानात काय कामाचा? लाइव्ह लोकेशन हवं तर सिमवाला जीपीएस पट्टाच घ्या, मात्र त्याला रेंज लागते आणि चार्जिंगही. माझं मत विचाराल तर चिप आणि पट्टा दोन्ही हवेत. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढिलाई ठेवा, नाहीतर घाबरलेला कुत्रा मान सोडवून घेतो आणि लोकेशन दिसतं ते नुसत्या पट्ट्याचं.