जगबुडीची तारीख

आपण घरी ज्याला ‘कयामत’ म्हणतो, त्याला मराठीत ‘प्रलय’ किंवा ‘जगबुडी’ म्हणतात. जगाचा एक दिवस अंत होईल, असे अनेक धर्मांत मानले जाते. पण काही माणसे त्याची तारीखही सांगतात. अशीच एक तारीख १९६२ साली आपल्या देशात फार गाजली.

त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. या योगाला ‘अष्टग्रही’ म्हणतात. त्यामुळे जग बुडेल, असे काही ज्योतिष्यांनी सांगितले. लोक घाबरले. ठिकठिकाणी यज्ञ झाले, भजने झाली. तूप आणि धान्य होमात गेले. ६ फेब्रुवारीला मात्र सूर्य नेहमीसारखाच उगवला.

असे का झाले? ते आठ ग्रह कोणते, ते पाहू. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू. यांपैकी सूर्य हा तारा आहे आणि चंद्र हा उपग्रह. केतू तर गोलच नाही. आकाशात सूर्याचा आणि चंद्राचा मार्ग एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. त्यांतील एका बिंदूला केतू म्हणतात. म्हणजे खरे ग्रह उरले पाच!

तेही एकमेकांजवळ आले नव्हते. एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळचे पळसाचे झाड आणि दूरची टेकडी एका रेषेत दिसतात. म्हणून झाड काही टेकडीला चिकटलेले नसते. ग्रहांचेही तसेच आहे. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. शनी तर सूर्यापासूनच सुमारे १४३ कोटी किलोमीटर दूर आहे.

संकट आले नाही, तेव्हा काही जण म्हणाले, “यज्ञामुळे ते टळले.” जग बुडाले तरी भविष्य खरे आणि न बुडाले तरी खरेच! असे भविष्य कधी तपासता येईल का?

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलचा अभ्यास करून हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस आला आणि गेला. जग राहिले, पण पीक गेले. खरे तर ती वेळ कोणाही माणसाला ठाऊक नाही, असे बायबल सांगते आणि कुराणही तेच सांगते.

भविष्य खोटे ठरते, पण भीतीने केलेले नुकसान खरे असते. म्हणून कोणी अशी तारीख सांगितली, तर आधी विचारावे, “हे तुम्हांला कशावरून कळले?”

१९६२ च्या त्याच फेब्रुवारी महिन्यात देशात सार्वत्रिक निवडणूक झाली. लोक रांगा लावून मतदानाला उभे राहिले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या मतदारांनी वसंतराव नाईक यांना निवडून दिले. १९६३ साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ज्या महिन्यात जग संपणार होते, त्याच महिन्यात लोकांनी पुढच्या पाच वर्षांचा विचार केला.